स्वाक्षरी न देणारा खेळाडू

१२ मार्च १९७२ हा दिवस. बॉस्टन गार्डन या जुन्या क्रीडागृहाचे दरवाजे प्रेक्षकांसाठी उघडायला अजून अवकाश होता. आत लाकडी मैदानावर मोजकीच माणसं उभी होती : सेल्टिक्स संघातले रसेलचे काही सहकारी, त्यांचे जुने प्रशिक्षक रेड ऑरबाख आणि स्वतः बिल रसेल. त्याचा सहा क्रमांकाचा शर्ट छताला टांगला जाणार होता. हा क्रमांक यापुढे संघात कुणालाही द्यायचा नाही, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांत हा मोठा मान समजतात आणि तो भरगच्च क्रीडागृहात, टाळ्यांच्या कडकडाटात द्यायची रीत आहे. रसेलने मान नाकारला नाही. फक्त प्रेक्षक नसतील तरच येईन, अशी अट घातली. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, वर शर्ट, खाली चार-दोन सोबती. कार्यक्रम काही मिनिटांत आटोपला.

याच माणसाने बॉस्टनला तेरा मोसमांत अकरा अजिंक्यपदं मिळवून दिली होती. अमेरिकेच्या सांघिक खेळांत इतकं यश क्वचितच कुणाच्या वाट्याला आलं असेल. मग ही अट कशासाठी? त्या काळच्या वर्तमानपत्रांनी उत्तर सोपं करून टाकलं होतं : माणूस घमेंडखोर आहे, विक्षिप्त आहे, कृतघ्न आहे. माझ्या मते त्या अटीमागे एक सलग विचार होता. खेळाडूचं देणं नेमकं कुणाला लागतं, या प्रश्नाचं रसेलने जन्मभर शोधलेलं ते उत्तर होतं. त्या विचारात खाचखळगे आहेत, काही ठिकाणी तो स्वतःच अडखळतो. पण आज खेळाडूने सतत चाहत्यांपुढे उभं राहावं अशी अपेक्षा असताना तो नीट पाहून घेण्यासारखा आहे.

आपल्याकडे बास्केटबॉल हा मुख्यतः शाळा-कॉलेजच्या मैदानांवरचा खेळ. मुंबईत नागपाड्याने तो वस्तीचा खेळ म्हणून जपला, हा एक सुंदर अपवाद. बाकी बहुतेकांची त्याच्याशी ओळख मायकल जॉर्डनच्या नावाने सुरू होते आणि तिथेच संपते. म्हणून रसेल मैदानावर काय करायचा, हे आधी सांगायला हवं. बास्केटबॉलमध्ये नजर चेंडू रिंगमध्ये टाकणाऱ्यावर असते. गुण त्याचे, छायाचित्र त्याचं. रसेलचं काम याच्या उलट होतं. समोरच्याने टाकलेला चेंडू हवेतच अडवायचा, आणि बोर्डावर आपटून परत येणारा चेंडू, ज्याला रिबाउंड म्हणतात, तो सर्वांच्या आधी पकडायचा. त्याच्या आधीचे प्रशिक्षक शिकवत, की बचाव करणाऱ्याने पाय जमिनीवरून उचलू नयेत. हा पावणेसात फुटांहून उंच मुलगा उडी मारायचा, आणि चेंडू कधी अडवायचा हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

त्यातही एक बारकावा आहे. अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून दिला की टाळ्या पडतात, पण नियमाप्रमाणे चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडेच जातो. रसेल तो हलकेच टोलवून आपल्या सोबत्याच्या हाती जाईल असा अडवायचा आणि तिथूनच सेल्टिक्सची चढाई सुरू व्हायची. म्हणजे त्याच्या सर्वांत मोठ्या कौशल्याचं सोनं व्हायचं ते दुसऱ्याच्या हातात. गंमत अशी, की अडवलेले चेंडू मोजायला एनबीएने सुरुवात केली १९७३-७४च्या मोसमात. रसेल त्याआधी चार वर्षं निवृत्त झाला होता. ज्या कामाने त्याने हा खेळ बदलला, त्या कामाची अधिकृत नोंद त्याच्या नावावर शून्य आहे.

मोजलं काय जातं आणि कामी काय येतं, यातला हा फरक त्याला कुठून कळला असेल? त्याचं बालपण पाहिलं तर थोडा उलगडा होतो. जन्म १९३४चा, लुइझियाना राज्यातल्या मन्रो गावचा. दक्षिणेकडचं हे गाव कायद्यानेच काळ्या-गोऱ्यांत विभागलेलं. त्याच्या आईने एकदा त्या वेळच्या फॅशनचा सूट घातला, तर पोलिसाने अडवून घरी जायला फर्मावलं. असले कपडे गोऱ्या बायकांचे, म्हणून. पेट्रोल भरायला गेलेल्या वडिलांना सगळे गोरे गिऱ्हाईक आटोपेपर्यंत ताटकळत ठेवलं, निघू लागले तर बंदूक रोखली. हे सगळं मुलाने पाहिलं-ऐकलं. अखेर कुटुंब कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडला आलं. (मराठी वाचकाला हे शहर वेगळ्या वाटेने ओळखीचं आहे. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला तो इथेच. त्याच्याच नावावरून १९७२मध्ये मुंबईत दलित पँथरने आपलं नाव घेतलं.)

बारा वर्षांचा असताना आई गेली. नंतरचा मुलगा एकलकोंडा झाला आणि त्याने ऑकलंडचं सार्वजनिक वाचनालय जवळ केलं. तिथे इतिहासाच्या एका पुस्तकात त्याला वाचायला मिळालं, की अमेरिकेतल्या गुलामांचं आयुष्य आफ्रिकेत जगले असते त्यापेक्षा बरंच होतं. माणसाला बेडीत ठेवून त्याचं बरंच चाललंय असं लिहिता येतं, याचा त्याला धक्का बसला. त्याच वाचनालयात हैतीचा राजा आँरी क्रिस्तोफ भेटला, गुलामीतून उठून राजा झालेला. आणि तिथेच चित्रांची पुस्तकंही. मायकेलअँजेलो, लिओनार्डो यांची चित्रं घरी न्यायची, बघायची, मग पुस्तक मिटून मनात पुन्हा उभी करायची, हा त्याचा छंद. हातात पेन्सिल धरली की ते जमत नसे. पुढे चांगल्या खेळाडूंच्या हालचाली तो याच रीतीने डोळे मिटून मनात पाहू लागला, आणि त्या चित्रात स्वतःला उभं करू लागला. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. त्याचा खेळ अंगापेक्षा आधी डोक्यात तयार झाला.

कारण अंग सुरुवातीला साथ देतच नव्हतं. मॅक्लिमंड्स हायस्कूलमध्ये संघासाठी पंधरा गणवेश होते आणि रसेल सोळावा. जॉर्ज पॉल्स या गोऱ्या प्रशिक्षकाने त्याला काढून टाकलं नाही. आणखी एका मुलाबरोबर एकच गणवेश आळीपाळीने घालायला लावला. शिवाय रोज सरावाला जाता यावं म्हणून मुलांच्या क्लबची वर्गणी, दोन डॉलर, स्वतःच्या खिशातून दिली. शाळा संपली तेव्हा एकाच विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली, सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने. त्या संघाने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९५४च्या डिसेंबरात हा संघ ओक्लाहोमा सिटीला स्पर्धेसाठी गेला, तर हॉटेलांनी काळ्या खेळाडूंना खोल्या नाकारल्या. तेव्हा सगळा संघ, गोरे खेळाडूसुद्धा, सुटीमुळे बंद असलेल्या एका वसतिगृहात राहिला. संघ म्हणजे काय, याचा हा धडा रसेल कधी विसरला नाही.

१९५६मध्ये मेलबर्नला ऑलिंपिक सुवर्णपदक घेऊन तो डिसेंबरात सेल्टिक्समध्ये दाखल झाला. रेड ऑरबाख हा ब्रुकलिनचा ज्यू माणूस, तोंडाने फटकळ, सामना जिंकत आला की तिथेच बसून चिरूट शिलगावणारा. त्याने रसेलला सुरुवातीलाच शब्द दिला : तुझ्या कराराची बोलणी करताना तुझे गुण किती, हा विषय मी कधीही काढणार नाही. हा साधा शब्द नव्हता. व्यावसायिक खेळाडूचा पगार आकड्यांवर ठरतो, आणि म्हणून खेळाडू आकड्यांसाठी खेळतो. मग संघ जिंको वा हरो. ऑरबाखने ही साखळी तोडली आणि रसेलला हवा तो खेळ खेळायची मोकळीक मिळाली. पहिल्याच मोसमात, १९५७मध्ये, सेल्टिक्स प्रथम अजिंक्य ठरले. १९५९ ते १९६६ तर सलग आठ वर्षं.

या काळात त्याच्यासमोर उभा होता विल्ट चेंबरलेन. उंचीने, ताकदीने रसेलपेक्षा वरचढ. १९६१-६२च्या मोसमात चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले, आणि २ मार्च १९६२ रोजी एकाच सामन्यात शंभर. हा विक्रम अजून अबाधित आहे. रसेलची कारकिर्दीतली सरासरी १५.१. पण त्याच मोसमातला सर्वोत्तम खेळाडू कोण, हे ठरवायची वेळ आली तेव्हा रसेलची निवड झाली. हा सन्मान त्या काळी खेळाडूंच्याच मतांवर दिला जाई. म्हणजे जे रोज या दोघांशी झुंजत होते त्यांना काय दिसत होतं, ते यातून कळतं. १९६५मध्ये चेंबरलेनने वर्षाला एक लाख डॉलरचा करार केला, तेव्हा रसेलने एक लाख एक डॉलर मागून घेतले. आकड्यांची पर्वा न करणाऱ्या माणसाला तो वरचा एक डॉलर मात्र हवा होता. मला तो एक डॉलर आवडतो. संतपणाचा आव त्याने कधी आणला नाही.

इथवर गोष्ट खेळाची. पण रसेलचा संघाविषयीचा विचार मैदानाबाहेर पडला की अवघड होतो. ऑक्टोबर १९६१मध्ये केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला प्रदर्शनीय सामना होता. हॉटेलच्या उपाहारगृहात सॅम जोन्स आणि टॉम सँडर्स या काळ्या सहकाऱ्यांना जेवण नाकारलं गेलं. रसेलने ठरवलं, खेळायचं नाही. सेल्टिक्सचे पाचही काळे खेळाडू विमानाने परतले. प्रतिस्पर्धी संघातले काळे खेळाडूही खेळले नाहीत. सामना मात्र झाला, गोऱ्या खेळाडूंनी तो खेळला. ओक्लाहोमातल्या वसतिगृहाची इथे आठवण होते. इतका एकजीव म्हणून नावाजलेला संघ, आणि त्या रात्री तो दोन तुकड्यांत होता. रसेलने सहकाऱ्यांशी संबंध तोडले नाहीत. पण आपण काळे खेळाडू गप्प राहून करमणूक करत राहिलो तर काहीच बदलणार नाही, हे त्याचं मत त्यानंतर पक्कं झालं.

आणि बॉस्टन? दक्षिण मागासलेली, उत्तर उदारमतवादी, अशी अमेरिकेची स्वतःबद्दलची एक सोयीस्कर समजूत आहे. रसेल बॉस्टनजवळच्या रेडिंग या गावात राहायला गेला. १९६३मध्ये गावाने त्याच्या सन्मानार्थ समारंभ केला आणि तो भारावून गेला. पण गावातल्याच दुसऱ्या भागात घर घ्यायचं त्याच्या मनात आलं, तेव्हा तिथल्या शेजाऱ्यांनी विरोधाच्या सह्या जमवल्या. त्याची मुलगी कॅरेन हिने १९८७मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीत त्या दिवसांबद्दल लिहिलं. लोक घरात घुसले, भिंतींवर शिव्या लिहिल्या, करंडक फोडले आणि आईवडिलांच्या बिछान्यात घाण करून गेले. रात्री दारातले कचऱ्याचे डबे उलटवले जात, त्याची तक्रार केली तर पोलिसांनी सांगितलं, रॅकून नावाचे रानटी प्राणी असतील. रसेलने बंदुकीचा परवाना मागितला. त्यानंतर ते प्राणी पुन्हा कधी आले नाहीत.

क्रीडागृहातही चित्र फार निराळं नव्हतं. दरवर्षी अजिंक्यपद आणणाऱ्या सेल्टिक्सच्या सामन्यांना खुर्च्या रिकाम्या राहत. त्याच इमारतीत तळाशी असलेल्या आइस हॉकी संघाला मात्र गर्दी. डिसेंबर १९६४मध्ये सेल्टिक्सने एनबीएच्या इतिहासात प्रथमच सुरुवातीचे पाचही खेळाडू काळे उतरवले, हेही लक्षात ठेवायला हवं. मी बॉस्टनसाठी खेळत नाही, सेल्टिक्ससाठी खेळतो, असं रसेल म्हणे. १९६४च्या सुरुवातीला सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट या नियतकालिकात त्याचा लेख आला, त्याचं शीर्षकच होतं : मी जनतेचं काही देणं लागत नाही. मी उत्तम खेळतो, त्याचे पैसे मला मिळतात, हिशेब पुरा झाला; हसतमुख राहून लहान मुलांचे गाल थोपटणं हा त्या व्यवहाराचा भाग नाही, असा त्याचा आशय. ओरड झाली, होणारच होती.

पण ज्या वर्षी त्याने हे लिहिलं त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात तो मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरी गेला. तिथले काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीतले नेते मेडगर एव्हर्स यांना १२ जून १९६३ रोजी त्यांच्याच घराच्या दारात गोळी घालण्यात आली होती. त्यांचे बंधू चार्ल्स यांनी रसेलला बोलावलं : काळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी एकत्र प्रशिक्षण शिबिर घे. त्या वर्षी मिसिसिपीत असं शिबिर घेणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. रसेल गेला, काळ्या-गोऱ्या मुलांना एका मैदानावर खेळवलं. रात्री तो खोलीत झोपला असताना चार्ल्स एव्हर्स बंदूक घेऊन जागत बसले होते.

जनतेचं देणं नाही म्हणणारा माणूस मिसिसिपीला कशाला जातो? इथे आपल्या भाषेचीच अडचण होते. मराठीत ‘लोक’ हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. लोकप्रिय म्हणताना मनात असते ती बघ्यांची गर्दी. लोकांसाठी झटणारा म्हणताना असतात ती आपली माणसं, ज्यांच्या सुखदुःखाला आपण बांधील आहोत ती. रसेलने ही फारकत कठोरपणे केली. तिकीट काढून बसलेली गर्दी हा त्याच्या लेखी समाज नव्हता. गर्दी आज डोक्यावर घेते, रात्री बिछान्यात घाण करते; तिच्याशी नातं व्यवहारापुरतं. समाज म्हणजे ज्यांच्यासोबत धोका पत्करायचा ती माणसं : सहकारी, जॅक्सनची मुलं, १९६७च्या जूनमध्ये क्लीव्हलंडला एकत्र जमलेले काळे खेळाडू. व्हिएतनाम युद्धाला जायला नकार दिलेल्या मुहम्मद अलीशी बोलायला ते जमले होते. अली कच्चा आहे की पक्का, हे पाहायला आलेल्यांपैकी रसेल एक. तिथून निघाला तो अलीच्या श्रद्धेबद्दल आदर घेऊन.

स्वाक्षरीला नकार हाही याच विचाराचा भाग. कागदाचा तुकडा पुढे करून निघून जाणाऱ्याला माणसाशी काही घेणंदेणं नसतं, असं तो म्हणे. त्यापेक्षा हात मिळवा, दोन मिनिटं बोला. कित्येकांना त्याने स्वाक्षरी नाकारून गप्पांना बसवलं. अर्थात नकार ऐकून रडवेलं झालेलं पोरही कुठे कुठे असणारच, आणि दहा वर्षांच्या मुलाला गर्दी आणि समाज यांतला फरक कळावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे. शिवाय नव्वदच्या दशकात रसेल मोठं मानधन घेऊन स्वाक्षऱ्या देऊ लागला. टीकाकारांनी बोट ठेवलं ते रास्तच. फार तर एवढं म्हणता येईल, की व्यवहार आहे तर व्यवहारासारखा करू, हे त्याच्या जुन्या भूमिकेशी अगदीच विसंगत नव्हतं.

१९६६मध्ये ऑरबाख प्रशिक्षकपदावरून उतरला आणि ती जागा त्याने रसेलला दिली. एनबीएतला हा पहिला काळा प्रशिक्षक, खेळत असतानाच नेमलेला. पत्रकार परिषदेत प्रश्न आला : गोऱ्या खेळाडूंविषयी उलटा आकस न ठेवता काम करू शकाल का? ऑरबाखला त्याआधी सोळा वर्षं काळ्या खेळाडूंबाबत हे कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. रसेलने शांतपणे सांगितलं, होय. इथे माणसाला मान मिळतो तो त्याच्या कुवतीमुळे. पहिल्या वर्षी हार, मग १९६८ आणि १९६९ अशी दोन अजिंक्यपदं. शेवटच्या अंतिम सामन्याआधी लॉस एंजेलिसच्या मालकाने विजयोत्सवासाठी छतात फुगे भरून ठेवले होते. सेल्टिक्स १०८-१०६ असे जिंकले. फुगे तसेच राहिले. बॉस्टनमध्ये विजयी वीरांचं स्वागत झालं तेव्हा रसेल तिथे नव्हता. थोड्याच दिवसांत त्याने मासिकात लेख लिहून निवृत्ती जाहीर केली.

त्याच सामन्यात चेंबरलेन गुडघा दुखावून बाहेर बसला होता. रसेलने नंतर जाहीरपणे म्हटलं, एवढ्याशा दुखण्याने मी बाहेर बसलो नसतो. हे दोघे मैदानाबाहेर मित्र होते, सणाला एकमेकांच्या घरी जेवायला जाणारे. या एका वाक्याने वीसहून अधिक वर्षं अबोला धरला गेला. आपल्या माणसांशी बांधिलकी हेच ज्याचं तत्त्व, त्याने आपलं माणूस एका वाक्यात गमावलं. पुढे त्याने माफी मागितली, आणि १९९९मध्ये चेंबरलेनच्या अंत्यविधीत बोलायला तो उभा राहिला. पुढे सिअॅटलला आणि सॅक्रॅमेंटोला त्याने प्रशिक्षकपद सांभाळलं, पण तिथे जुनं यश आलं नाही. ज्या जाणिवेने तो खेळला ती शिकवता येण्यासारखी नसावी.

बॉस्टनशी समेट व्हायला मात्र वेळ लागला. मे १९९९मध्ये त्याचा क्रमांक पुन्हा एकदा छताला टांगला गेला, या वेळी भरल्या क्रीडागृहात. टाळ्या थांबेनात, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. २०११मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला राष्ट्राचं सर्वोच्च नागरी पदक दिलं, २०१३मध्ये शहराच्या नगरभवनासमोर त्याचा पुतळा उभा राहिला. पुतळ्यात तो चेंडू रिंगकडे फेकत नाही. सहकाऱ्याकडे द्यायच्या बेतात आहे.

एक हिशेब त्याने बराच काळ बाकी ठेवला होता. १९७५मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली, तेव्हा खेळाडू म्हणून निवडला गेलेला तो पहिला काळा होता. त्याने समारंभाला जायला नकार दिला आणि त्या वेळी कारणही सांगितलं नाही. १९५०मध्ये एनबीएने निवडलेला पहिला काळा खेळाडू चक कूपर हा सेल्टिक्सचाच. रसेल येण्याच्या सहा वर्षं आधी त्याने ती दारं ढकलून उघडली होती. आकडे बेताचे, म्हणून हॉल ऑफ फेमला तो आठवला नव्हता. १९८४मध्ये कूपर वारला. २०१९मध्ये अखेर त्याचं नाव तिथे लागलं. त्याच वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, पंच्याऐंशी वर्षांच्या रसेलने काही मित्रांच्या उपस्थितीत खासगीत आपली हॉल ऑफ फेमची अंगठी स्वीकारली आणि चव्वेचाळीस वर्षं न सांगितलेलं कारण सांगितलं : माझ्याआधी ज्यांचा मान होता, ते आत गेल्याशिवाय मला जायचं नव्हतं.